डब्ल्यू १२४ मर्सिडीजची डिफरन्शियल बेअरिंगं: सुटी घ्यावीत की तयार संच घ्यावा, आणि सेटिंग कुणाकडून करून घ्यावं

१९९५ पासून पिंपरीत टेल्कोच्या आवारात जोडलेल्या ई २२० आणि ई २५० डी आजही पुण्या-मुंबईत अनेकांकडे धावत्या आहेत. इंजिन नीट सांभाळलं तर लाखो किलोमीटर जातं, बॉडीही टिकते. मागच्या डिफरन्शियलकडे (इंजिनाचा जोर मागच्या दोन्ही चाकांना वाटून देणाऱ्या दातेरी यंत्रणेकडे) मात्र तीस वर्षांत तेल बदलण्यापलीकडे कुणी पाहिलेलं नसतं, आणि पुष्कळ गाड्यांत तेलही पहिलंच असतं. मग पन्नास-साठच्या वेगाला मागच्या सीटखालून घरघर सुरू होते. ती घालवायला बाजारात तीन गोष्टी विकत मिळतात: नामांकित कंपन्यांची सुटी बेअरिंगं, एका डब्यात भरलेला तयार संच, आणि गॅरेजचं सेटिंगचं काम, म्हणजे दातांमधलं अंतर आणि बेअरिंगांवरचा दाब मोजून जुळवणं. तिन्हींची पारख इथे मांडली आहे. निकाल आधीच सांगतो. सुटी बेअरिंगं घ्या, क्रश स्लीव्ह (आवळताना चिरडणारी पोलादी नळी) आणि शिम (अंतर जुळवायच्या पातळ चकत्या) डीलरकडून घ्या, तयार संच टाळा, आणि सर्वांत जास्त पैसे मोजमाप करणाऱ्या माणसाला द्या. बेअरिंग बसवणं हा या कामाचा सोपा भाग आहे.

पण आधी आवाज खरंच डिफरन्शियलचा आहे का, ते पक्कं करा. टेल पिनियनची (प्रोपेलर शाफ्टला जोडलेल्या लहान दातेरी चाकाची) बेअरिंगं, साइड बेअरिंगं (पिनियन ज्याला फिरवतं त्या मोठ्या क्राउन व्हीलच्या दोन बाजूंची), मागच्या चाकाची बेअरिंगं, प्रोपेलर शाफ्टचं मधलं बेअरिंग आणि कप पडलेले (खड्ड्या-खड्ड्यांनी झिजलेले) टायर, हे पाचही गाडीत बसलेल्या माणसाला जवळजवळ सारखेच ऐकू येतात. थोडा हिशेब केला की फरक कळतो. ई २२० चा टायर १९५/६५ आर १५. त्याचा घेर साधारण २ मीटर. ताशी ६० किमीला चाक सेकंदाला ८ फेऱ्यांच्या थोडं वर फिरतं. डिफरन्शियलचं गुणोत्तर (चाकाच्या एका फेरीमागे पिनियनच्या फेऱ्या) ३.६७ धरलं तर पिनियन त्याच वेळी सेकंदाला ३० हून जास्त फेऱ्या मारतं. म्हणून चाकाच्या बेअरिंगचा आवाज जाडा आणि ठोके मोजल्यासारखा असतो, तर पिनियनचा बारीक, सलग आणि वेगाबरोबर लवकर चढणारा. गाडी डावी-उजवीकडे हलकेच झुलवली आणि आवाज कमी-जास्त झाला तर बहुधा चाकाचं बेअरिंग. टायर पुढे-मागे बदलल्यावर आवाजाची जागा बदलली तर टायर. न्यूट्रलमध्ये गाडी सोडली तरी घरघर तशीच राहिली तर कुठलं तरी बेअरिंग. आणि आवाज एकसुरी, शिट्टीसारखा असून फक्त ॲक्सिलरेटर दाबल्यावर किंवा फक्त सोडल्यावर येत असेल, तर तो दातांचा आहे. पिनियनची बेअरिंगं सैल पडून पिनियन पुढे-मागे सरकायला लागलं की हा दातांचा आवाज सुरू होतो, आणि अशी गाडी चालवत राहिलं की क्राउन-पिनियनचा जोडच खराब होतो.

प्रोपेलर शाफ्टचं मधलं बेअरिंग सर्वांत जास्त फसवतं, कारण ते पिनियनच्याच वेगाने फिरतं. तिथे कानाचा अंदाज चालत नाही. गाडी दोन खांबांच्या लिफ्टवर घेऊन, मागची चाकं मोकळी फिरवत, मेकॅनिकचा स्टेथोस्कोप आधी मधल्या बेअरिंगच्या ब्रॅकेटला, मग डिफरन्शियलच्या नाकाला आणि मग दोन्ही बाजूंना लावायचा. या वेळी डॅशबोर्डवर एबीएसचा दिवा लागू शकतो. पुढची चाकं थांबलेली आणि मागची फिरतायत एवढंच त्याचं कारण. नंतर इंजिन बंद करून, चाकं पूर्ण थांबल्यावर पिनियनचा फ्लँज (शाफ्ट जिथे बोल्टने जोडलेला असतो ती चकती) हाताने वर-खाली आणि आत-बाहेर ओढून बघायचा. टेपर बेअरिंग (निमुळत्या रोलरचं) दाबून बसवलेलं असतं, म्हणून या दोन्ही दिशांना प्ले (ढिलाई) अजिबात चालत नाही. बोटाला जाणवला तरी काम निघालं. फ्लँज गोल फिरवताना जाणवणारा प्ले वेगळा. तो दातांमधला बॅकलॅश असतो, आणि थोडा असायलाच हवा. नुसता तो पाहून "डिफरन्स गेला" सांगणाऱ्या गॅरेजला गाडी देऊ नका. गिअर टाकताना 'ठक' असा आवाज येत असेल तर आधी डिफरन्शियलचे आणि सबफ्रेमचे रबरी बुश आणि शाफ्टची रबरी फ्लेक्स डिस्क बघा. तीस वर्षांत ही रबरं बेअरिंगांच्या आधी जातात.

काढलेलं तेल स्वच्छ पांढऱ्या ताटलीत घ्या. चांदीसारखी बारीक झाक असेल तर ती वयानुसार आहे. बोटांत चिमटीला लागणारे चपटे कण असतील तर बेअरिंगचा पृष्ठभाग सोलवटला आहे. टोकदार तुकडे निघाले तर दात तुटलाय, आणि मग बेअरिंगांचा हिशेब करण्यात अर्थ नाही. तेल दुधाळ असेल तर पाणी गेलंय. पावसाळ्यात तुंबलेल्या रस्त्यांतून गेलेल्या गाड्यांत हे हमखास दिसतं: गरम हौसिंग (डिफरन्शियलचं बाहेरचं कवच) पाण्यात बुडून एकदम थंड होतं, आतली हवा आकसते आणि जुन्या सीलमधून किंवा ब्रीदरमधून (हवेसाठी ठेवलेल्या छिद्रातून) पाणी ओढलं जातं.

आता बेअरिंगांकडे. या डिफरन्शियलमध्ये चार टेपर रोलर बेअरिंगं असतात: पिनियनवर दोन (डोक्याकडचं मोठं, फ्लँजकडचं लहान) आणि क्राउन व्हील ज्यावर बसतं त्या केजवर डावी-उजवी दोन. गाडीच्या मॉडेलवरून बेअरिंग मागू नका. एकाच वर्षाच्या दोन गाड्यांत इंजिनाप्रमाणे डिफरन्शियलचा आकार वेगळा असू शकतो. जुन्या बेअरिंगच्या कोनाच्या (रोलरसकट आतली रिंग) आणि कपाच्या (बाहेरची रिंग) कडेवर कोरलेला नंबर वाचा, दोन्ही लिहून घ्या, पुढची-मागची अक्षरंही सोडू नका. नंबर वाचता येणं ही या कामातली पहिली अक्कल. उदाहरणार्थ ३२२०७ म्हणजे शेवटच्या दोन आकड्यांना ५ ने गुणून आतला व्यास ३५ मिमी; बाहेरचा ७२ आणि एकूण जाडी २४.२५ मिमी. नंबर पुसला असेल तर ही तीन मापं व्हर्निअरने घ्या आणि दुकानदाराच्या कॅटलॉगशी जुळवा.

खरी गोष्ट नंबराच्या शेवटी येणाऱ्या अक्षरांत असते. साध्या दर्जाच्या टेपर बेअरिंगची एकूण जाडी लिहिलेल्या मापापेक्षा ०.२ मिमीपर्यंत जास्त असू शकते आणि तरीही ते बेअरिंग 'पास' असतं. ट्रेलरच्या चाकाला याने काही बिघडत नाही. पिनियनला बिघडतं, कारण पिनियनचं डोकं क्राउन व्हीलच्या किती जवळ बसेल हे याच जाडीवर ठरतं, आणि तिथे शतांश मिलिमीटरची बात असते. म्हणून कंपन्या पिनियनसाठी वेगळ्या दर्जाची बेअरिंगं काढतात. एसकेएफमध्ये त्यासाठी सीएल७सी हे शेपूट असतं: मापाची मर्यादा अधिक कडक, फिरण्याची अचूकता जास्त, आणि सुरुवातीच्या किलोमीटरांत दाब फार उतरू नये म्हणून रोलरच्या टोकांचं फिनिश वेगळं. पिनियनच्या दोन बेअरिंगांसाठी हा दर्जा मिळत असेल तर थोडे जास्त पैसे देऊन तोच घ्या. साइड बेअरिंगांना साधा दर्जा चालतो, कारण तिथे शिमने दोन्ही बाजू जुळवताच येतात.

ब्रँडबद्दल माझं मत सरळ आहे. एसकेएफ, एफएजी, टिमकेन, कोयो यांपैकी कुठलंही खरं बेअरिंग या गाडीला पुरून उरतं. त्यांच्यातल्या फरकापेक्षा खरं आणि खोटं यांच्यातला फरक कितीतरी मोठा आहे. पुण्यात नाना पेठ आणि मुंबईत नागदेवी स्ट्रीट इथे माल लगेच मिळतो, पण अधिकृत विक्रेत्याचं जीएसटी बिल घेतल्याशिवाय दुकानातून बाहेर पडू नका. चिंचवडला एसकेएफचा कारखाना आहे म्हणून हातातलं बेअरिंग तिथलंच असेल असं नाही. देशाचं नाव बेअरिंगवर कोरलेलं असतं आणि ते डब्याशी जुळायला हवं. एसकेएफ आणि शेफलर (एफएजीची मालक कंपनी) या दोन्ही कंपन्यांची माल तपासायची मोबाइल ॲप्स आहेत, ती दुकानातच वापरा. डोळ्यांनीही बरंच कळतं. खऱ्या बेअरिंगवरचं कोरीव काम बारीक, सारख्या खोलीचं असतं. रोलर धरून ठेवणाऱ्या पिंजऱ्याच्या कडेला धार नसते. कोन हातात धरून फिरवला तर रोलर तेलात चालल्यासारखे निमूट फिरतात. नकली बेअरिंगच्या डब्यावरची छपाई खरी वाटेल इतकी चांगली असते, म्हणून डब्यावर विश्वास ठेवू नका.

तयार संचाबद्दल. 'क्लासिक जर्मन गाड्यांसाठी डिफरन्शियल रीबिल्ड किट' अशा नावाने बिनब्रँडचे डबे ऑनलाइन मिळतात. डब्यात चार बेअरिंगं, तीन ऑइल सील, एक क्रश स्लीव्ह, एक पिनियन नट. किंमत सुट्या भागांच्या बेरजेपेक्षा बरीच कमी, त्यामुळे मोह होतो. पण बेअरिंगांवर दर्जाचं अक्षर नाही. डावं आणि उजवं साइड बेअरिंग सपाट दगडावर शेजारी ठेवून डायल गेज (शतांश मिलिमीटरचा फरक सुईवर दाखवणारं मोजमापाचं साधन) फिरवली की दोघांच्या जाडीतला फरक सुईवर दिसतो. सीलच्या ओठामागची स्प्रिंग सैल, बोटाने सहज निघणारी. शिम एकही नाही, आणि शिमशिवाय हे काम होतच नाही. सर्वांत मोठी उणीव म्हणजे क्रश स्लीव्ह एकच. ती आवळताना एकदा पुढे गेली की फुकट जाते, आणि दुसरी हाताशी नसेल तर काम तिथेच थांबतं. सील निदान बदलून घेता येतात, पण मापच माहीत नसलेलं बेअरिंग पिनियनवर चढवायचं धाडस करू नये. पाचपैकी दोन गुण, तेही नट बरा आहे म्हणून.

डीलरकडून क्रश स्लीव्ह दोन, पिनियन नट एक, वेगवेगळ्या जाडीच्या शिम, एबीएस सेन्सरची ओ-रिंग आणि मागच्या झाकणाचं सीलंट घ्या. डब्ल्यू १२४ च्या नेहमीच्या एबीएसमध्ये मागच्या दोन्ही चाकांसाठी मिळून एकच सेन्सर असतो आणि तो डिफरन्शियलवर, पिनियनजवळ बसतो. डिफरन्शियल खाली घेण्याआधी तो काढला नाही तर वायर तरी तुटते किंवा टोक तरी चिरडतं. तीस वर्षं मातीत बसलेला सेन्सर हौसिंगला चिकटलेला असतो. आदल्या दिवशी गंज सोडवणारं तेल मारून ठेवा, आणि पान्याने ओढण्याऐवजी डावी-उजवीकडे फिरवत बाहेर काढा.

उतरवण्याच्या कामात नियम एकच लक्षात ठेवा: आधी वरचा, तेल भरायचा बोल्ट सैल होतो का ते बघा, तो सुटला तरच खालचा काढा. दोन्हींना १४ मिमीचा ॲलन लागतो. खालचा काढून तेल सांडल्यावर वरचा फसला, तर गाडी जागच्या जागी अडकते. फ्लेक्स डिस्क आणि फ्लँज यांच्यावर रंगाची खूण करा. डिस्कचे बोल्ट सोडताना फ्लँजच्या बाजूचं टोक फिरवा आणि रबराच्या बाजूचं धरून ठेवा, नाहीतर रबर पिळवटतं. शाफ्टच्या मधला मोठा नट सैल केल्याशिवाय शाफ्ट पुढे सरकत नाही. त्याला ४१ आणि ४६ मिमीचे दोन पाने लागतात आणि ते प्रत्येक गॅरेजमध्ये नसतात, म्हणून आधी विचारा. हाफ शाफ्टच्या बोल्टांच्या डोक्यात माती घट्ट बसलेली असते. ती टोच्याने पूर्ण कोरून काढा, मगच सॉकेट हातोडीने हलकेच ठोकून बसवा. इथे घाई केली की डोकं गोल होतं आणि दोन तास जातात. डिफरन्शियल जड असतं. ट्रान्समिशन जॅकशिवाय, नुसत्या हातांवर उतरवू नका.

टेबलावर आल्यावर लगेच खोलायचं नाही. सगळ्यात जास्त गॅरेजं इथेच चुकतात. मागचं झाकण काढा आणि काहीही हलवण्याआधी जुन्या स्थितीची मापं घ्या. डायल गेजचं टोक क्राउन व्हीलच्या दाताला काटकोनात लावून चार ठिकाणी बॅकलॅश मोजा आणि कागदावर लिहा. चारही ठिकाणी ०.०५ मिमीपेक्षा जास्त फरक दिसला तर क्राउन व्हील वाकडं फिरतंय; त्याचं कारण आधी शोधा. दात पुसून त्यांवर शेंदूर आणि तेलाची पातळ पेस्ट किंवा निळी लावा, पिनियन फिरवा, दातांवर उमटलेल्या ठशाचा फोटो काढा. साइड बेअरिंगच्या टोप्यांवर डावी-उजवी खूण करा, कारण त्या हौसिंगबरोबरच मशीन केलेल्या असतात आणि अदलाबदल झाली तर बेअरिंग चेपतं. कुठली शिम कुठल्या बाजूची आणि किती मिमीची, तेही लिहा.

ही जुनी मापं का हवीत? नव्या जोडाला मॅन्युअलमधला आकडा लावायचा असतो. पण इथे बेअरिंगं नवी आणि दात जुने आहेत. तीस वर्षांत दात एका ठरावीक जागी एकमेकांवर घासून गुळगुळीत झालेत. त्यांना नव्याचा आकडा लावला तर ते वेगळ्या पट्टीवर भेटतात आणि आधी नसलेली शिट्टी सुरू होते. सर्वसाधारणपणे नव्या जोडाचा बॅकलॅश ०.०८ ते ०.१८ मिमीच्या पट्ट्यात असतो. जुना जोड ०.२० वर निमूट चालत होता, तर त्याच दाताला ०.२० च्या आसपासच आणून ठेवा. "सेटिंग नवीन करून दिलं, आता आवाज का येतो कळत नाही" या तक्रारीमागे बहुतेक वेळा हेच असतं. मेकॅनिकने मन लावून, पुस्तकाप्रमाणे काम केलेलं असतं, पण ते पुस्तक नव्या दातांचं असतं.

केज बाहेर आली की साइड बेअरिंगांचे कप पुसून उजेडात तिरपे धरा. चांगला कप आरशासारखा असतो. थकलेल्या कपावर मधोमध राखाडी, धुरकट पट्टा दिसतो. पुढची पायरी म्हणजे त्या पट्ट्यात रव्याच्या कणाएवढे खड्डे. नख फिरवलं आणि ते एकदाही अडकलं, तर बेअरिंग संपलं. पट्टा एकाच अर्ध्या भागात गडद असेल तर कप तिरका बसला होता. रोलरच्या अंतरा-अंतराने आडव्या खुणा असतील तर बेअरिंग धक्का खाल्लेलं किंवा पाण्यात उभं राहून गंजलेलं आहे. आणि कपाची बाहेरची बाजू चकाकत असेल तर कप हौसिंगमध्ये फिरला आहे. हे सर्वांत वाईट: हौसिंगचं भोक मोठं झालंय, आणि नवीन कपही त्यात फिरणारच. लॉकिंग केमिकल लावून चालवायचा सल्ला मिळेल. तो घेऊ नका.

पिनियनच्या डोक्याकडचं बेअरिंग दोन अर्ध्या वाट्यांच्या खेचणीने, प्रेसवर काढायचं. ग्राइंडरने कापताना पिनियनच्या दांड्यावर ओरखडा गेला तर पिनियन बाद, म्हणून कापावंच लागलं तर पिंजरा आणि रोलर काढून फक्त आतली रिंग, तीही पूर्ण न कापता, एक चर पाडून छिन्नीने फोडावी. नवीन कोन बसवण्याआधी ११० अंशांपर्यंत गरम करा. १२५ च्या पुढे नेऊ नका. गॅसची ज्योत थेट लावायची नाही. हौसिंगमधले कप पितळी सळईने आलटून पालटून, थोडे थोडे ठोकून काढा आणि नवे बसवताना जुन्या कपाच्या बाहेरच्या कडेला थोडं घासून त्याचंच ड्रिफ्ट (मध्ये धरून ठोकायचं साधन) बनवा. कप तळाला टेकला की ठोक्याचा आवाज बदलतो, ०.०३ ची फीलर पट्टी खाली जात नाही ना, तेही बघा.

आता शिमचा हिशेब. जुनं आणि नवं डोक्याकडचं बेअरिंग एकाच कपात बसवून, वर ठरावीक वजन ठेवून, दहा-बारा फेऱ्या फिरवून रोलर बसू द्या आणि डायल गेजने दोघांची उंची मोजा. नवं ०.०६ मिमी जाड निघालं, तर शिम ०.०६ ने पातळ करायची; उलट असेल तर जाड. शिम कपाखाली असो वा पिनियनच्या डोक्याखाली, दिशा तीच. हा हिशेब सोडला तर पिनियन क्राउन व्हीलमध्ये जास्त आत जातं आणि ठसा दाताच्या मुळाशी उमटतो. मागे राहिलं तर ठसा दाताच्या शेंड्याकडे जातो. एक सावधगिरी: जुनं बेअरिंग खड्डे पडलेलं असेल तर त्याची मोजलेली जाडी खरी नसते. अशा वेळी हिशेब फक्त सुरुवात धरा आणि शेवटचा शब्द शेंदराच्या ठशाला द्या.

क्रश स्लीव्ह हा या कामाचा गाभा आहे. ही पातळ पोलादी नळी दोन पिनियन बेअरिंगांच्या मध्ये बसते. नट आवळला की ती चिरडते आणि बेअरिंगांवर ठरलेला दाब येतो. चिरडायला सुरुवात व्हायलाच २०० न्यूटनमीटरच्या वर जोर लागतो, म्हणून फ्लँज धरायला मीटरभर लांबीची पट्टी हवी. इम्पॅक्ट गन इथे वापरायची नाही. सुरुवातीला बराच वेळ काहीच होत नाही, प्ले तसाच असतो. मग अचानक प्ले जातो, आणि तिथून पुढे नट एकेका अंशाने सरकवायचा. प्रत्येक वेळी पिनियन दहा फेऱ्या फिरवायचं, नंतर सुई असलेला लहान टॉर्क पाना लावून फिरवायला लागणारा जोर वाचायचा. फिरायला सुरुवात करतानाचा आकडा घ्यायचा नाही, फिरत असतानाचा घ्यायचा. बहुतेक प्रवासी गाड्यांत नव्या बेअरिंगांना हा जोर सुमारे १.५ ते ३ न्यूटनमीटर असतो. जुनीच पुन्हा बसवली तर त्याच्या निम्म्याहून कमी. तुमच्या डिफरन्शियलचा नेमका आकडा कारखान्याच्या मॅन्युअलमधूनच घ्या. हाताला ते असं लागतं: फ्लँज बोटांनी फिरतो, पण सोडला की लगेच थांबतो, आणि फिरताना कुठेही खडबडत नाही.

आकडा ओलांडला तर नट मागे फिरवून जमत नाही. चिरडलेली स्लीव्ह परत लांब होत नाही. नट मागे घेतला की दाब नाहीसा होतो आणि नट सैल राहतो. पुन्हा सगळं काढून दुसरी स्लीव्ह घालायची. "थोडं घट्टच असू दे, चालता चालता सैल होईल" हे वाक्य ऐकलं तर काम थांबवा. जास्त दाबाचं बेअरिंग घासून सैल होण्याआधी तापतं, तेलाचा थर तुटतो, आणि काही हजार किलोमीटरांत तीच घरघर परत येते. दाब बरोबर आल्यावर नटाची कड खाचेत ठोकून लॉक करायला विसरू नये. जुना नट पुन्हा वापरला तर हे लॉक दुसऱ्यांदा नीट बसत नाही, म्हणून नट नवाच हवा.

क्राउन व्हीलची बाजू त्या मानाने शांतपणे होते. डाव्या बाजूची शिम ०.१० ने कमी करून उजवीकडे तेवढीच वाढवली की बॅकलॅश साधारण ०.०७ ने बदलतो. एकूण बेरीज तीच राहते, म्हणून दाब बदलत नाही. टोप्या आवळून पुन्हा चार ठिकाणी मोजा, पुन्हा ठसा घ्या आणि आधीच्या फोटोशी जुळवा. ठसा जुन्या चकाकत्या पट्टीवरच पडला, तर काम झालं. पातळ टोकाकडे सरकला तर बॅकलॅश थोडा वाढवा, जाड टोकाकडे गेला तर कमी करा.

सील बसवताना फ्लँजवर सीलच्या ओठाने पाडलेली चर बघा. नखाला लागत असेल तर नवा सीलही तिथूनच गळेल. एसकेएफची स्पीडी-स्लीव्ह ही पातळ बाही त्या चरीवर चढवता येते. या गाडीसाठी मला ती नव्या फ्लँजपेक्षा जास्त पटते, स्वस्तही पडते. ब्रीदर मात्र हमखास साफ करा. तो तुंबला तर गरम तेलाचा दाब नव्या सीलमधूनच वाट काढतो आणि दोष उगाच सीलच्या माथी येतो.

गाडीखाली चढवल्यावर शाफ्टच्या मधला मोठा नट सर्वांत शेवटी आवळा, तोही गाडी चाकांवर उभी करून, दोनदा पुढे-मागे ढकलून. तेल हायपॉइड, एपीआय जीएल-५, ८५डब्ल्यू-९०. चार सिलिंडरच्या गाड्यांत साधारण ०.७ लिटर जातं, मोठ्या डिफरन्शियलला १ लिटरच्या वर. पण अंदाजाने मोजण्याऐवजी गाडी सपाट उभी करून भरण्याच्या भोकाच्या खालच्या कडेपर्यंत भरा. दोन्ही बोल्ट ५० न्यूटनमीटर. पहिले वीस किलोमीटर मध्यम वेगाने चालवून थर्मामीटरने हौसिंगचं तापमान बघा. एवढ्यातच ते १०० अंशांकडे धावलं तर दाब जास्त झालाय, गाडी परत लिफ्टवर घ्या. पहिले ५०० किमी जोराची खेच नको, घाटात भरलेली गाडी नको, आणि त्यानंतर तेल बदला. पहिल्या तेलात निघणारी चांदीची झाक ही नव्या बेअरिंगांची आहे.

गॅरेजच्या कामाबद्दल बोलायचं तर या गाडीला दोन दिवस द्या: एक उतरवण्या-चढवण्याचा, एक सेटिंगचा. संध्याकाळपर्यंत देतो म्हणणाऱ्याकडे मोजमापाला वेळ नसतो. काम देण्याआधी तीनच गोष्टी विचारा. डायल गेज दाखवा. पिनियनचा जोर कशाने मोजता? (उत्तर "हाताने" असेल तर नमस्कार करून निघा. वीस वर्षांचा अनुभवी हातसुद्धा १.५ आणि ३ मधला फरक खात्रीने सांगू शकत नाही.) आणि जुन्या मापांचा कागद मला मिळेल का? पुण्यात जुन्या मर्सिडीजवर हात बसलेले मेकॅनिक बरेच आहेत, कारण या गाड्या इथेच जोडल्या गेल्या. त्यातले जे कागद देतात, ते मजुरी थोडी जास्त लावतात. ती द्या. कामाच्या किमतीपैकी बेअरिंगं हा लहान भाग आहे, आणि चुकलं तर पूर्ण मजुरी दुसऱ्यांदा द्यावी लागते.

कप हौसिंगमध्ये फिरलेला निघाला किंवा दात तुटलेला सापडला, तर मात्र बेअरिंगांचा नाद सोडून जुना पण चांगला डिफरन्शियल घ्यावा. हौसिंगवरचं गुणोत्तर वाचून तेच घ्या; वेगळं बसलं तर स्पीडोमीटर खोटा वेग दाखवतो, कारण तो गिअरबॉक्सवरून वेग घेतो. घेण्याआधी दुकानातच झाकण उघडून दाखवायला सांगा, दातांवर गंजाचे डाग नाहीत ना बघा, फ्लँज आत-बाहेर ओढा, आणि गाडीत चढवण्याआधी तिन्ही सील बदलून घ्या. टेबलावर ते अर्ध्या तासाचं काम आहे, गाडीखाली पूर्ण दिवसाचं.